किल्ला पडका आहे, पडकाच राहू द्या

“एवढं तिकीट काढून हे दाखवायला आणलंस?”

सांक्ट गोआरच्या स्टेशनापासून वीस मिनिटं चढ चढून ऱ्हाइनफेल्सच्या दारात पोचल्यावर मामांचं पहिलं वाक्य हे होतं. समोर छप्पर नसलेल्या भिंती, पलीकडे थेट आभाळ दिसणाऱ्या खिडक्या, आणि मधल्या चौकात कुठून तरी ढासळून आता गवतात निवांत बसलेला दगडगोट्यांचा ढीग. मामा सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हिशेबात इमारत एकतर वापरात असते, नाहीतर पाडायची असते. “आपल्या वाड्याची मागची पडवी पडली तेव्हा कुणी तिकीट लावलं नव्हतं,” असंही ते वर म्हणाले.

हा प्रश्न मला नवा नाही. नोकरीसाठी फ्रँकफर्टजवळ राहायला आल्यापासून घरचं कुणी आलं की मी त्यांना ऱ्हाईनच्या खोऱ्यात नेतो, आणि दर दुसरा पाहुणा हेच विचारतो: एवढा पैसेवाला देश, मग हे बांधून का काढत नाहीत? जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून तोच प्रश्न फोनवरून उलट्या बाजूने येतो: आता तरी रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभा राहील ना? दोन्हीकडे माझं उत्तर एकच आहे. नको. जो पडलाय तो पडलेलाच ठेवा, फक्त आणखी पडू देऊ नका. हे उत्तर ऐकणाऱ्याला रुचत नाही. थोडं कंजूष आणि थोडं अरसिक वाटतं. म्हणून ते जरा सविस्तर मांडतो, आणि आधी ऱ्हाईनकाठीच मांडतो, कारण दोन्ही प्रकारचे प्रयोग तिथे दोनशे वर्षं शेजारी शेजारी उभे आहेत.

बिंगेन आणि रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंत नदीची ही 65 किलोमीटरची घळ. डोंगर दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की काठावर एका रस्त्याचं गाव कसंबसं मावतं. गावामागे द्राक्षमळ्यांचे उभे उतार आणि त्यांच्यावर किल्ला. असे चाळीसेक. दोन्ही काठांनी रेल्वे धावते, मालगाड्यांचा खडखडाट रात्रभर घळीत घुमतो, आणि कोब्लेन्झपासून थेट माइन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट. 2002 पासून हा पट्टा जागतिक वारसा आहे. 2029 मध्ये जर्मनीचं मोठं बागप्रदर्शन इथे भरणार आहे, त्यामुळे कुठल्या किल्ल्यावर किती खर्च करायचा ही चर्चा सध्या या घळीतही आहे. म्हणजे प्रश्न फक्त आपलाच नाही.

हे किल्ले कशासाठी होते हे कळलं की मराठी माणसाचा थोडा हिरमोड होतो. स्वराज्य नाही, धर्म नाही. यातले बरेचसे सरळ जकातनाके. काउबच्या समोर नदीतल्या बेटावर फाल्झग्राफेनश्टाइन नावाचा एक देखणा, जहाजाच्या आकाराचा जलदुर्ग आहे. त्याची सुरुवात 1327 मधली. नदीत साखळी टाकून नावा अडवायच्या, जकात भरली की सोडायच्या, एवढंच त्याचं काम. आम्ही उभे होतो तो ऱ्हाइनफेल्स 1245 मध्ये काट्झेनएल्नबोगेनच्या काउंट डीटर पाचवा याने बांधायला घेतला. त्याने जकात वाढवली तेव्हा चिडलेल्या ऱ्हाईनकाठच्या शहरांनी एकत्र येऊन 1255 मध्ये किल्ल्याला वेढा घातला. वर्षभराहून जास्त बसले, पण किल्ला पडला नाही. मामा म्हणाले, “म्हणजे टोलनाक्याचं आंदोलन.” अगदी तेच.

मग हे पडले कधी? इथे एक साल सारखं सारखं येतं, 1689. आपल्याकडे हे साल संभाजी महाराजांच्या हत्येचं आणि रायगड मोगलांच्या हाती गेल्याचं. त्याच वर्षी इकडे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजा ऱ्हाईन आणि नेकारच्या खोऱ्यांतून गावं जाळत, किल्ले सुरुंगाने उडवत चालल्या होत्या. बाखाराखचा श्टालेक, ओबरवेझेलचा श्योनबुर्ग, कोब्लेन्झजवळचा श्टोल्झेनफेल्स, रुडेसहाइमचा एरेनफेल्स, सगळे त्या एका वर्षाचे बळी. ऱ्हाइनफेल्स मात्र टिकला. 1692 मध्ये 28,000 फ्रेंच सैनिक त्याच्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1794 मध्ये, हाच किल्ला क्रांतीनंतरच्या फ्रेंच फौजेला एक गोळी न झाडता देऊन टाकला गेला. 1796 आणि 1797 मध्ये फ्रेंचांनी तो उडवला. पुढे 1817 नंतर प्रशिया या जर्मन राज्याने कोब्लेन्झसमोरचा एरेनब्राइटश्टाइन नव्याने बांधायला काढला तेव्हा ऱ्हाइनफेल्सचे दगड तिकडे वाहून नेले. जो वेढ्यांनी पडला नाही, तो आधी वाटाघाटीने गेला, मग सुरुंगाने आणि शेवटी दगडाच्या खाणीसारखा वापरून संपवला.

आता कल्पना करा की हा किल्ला कुणीतरी ‘जसाच्या तसा’ बांधून काढला. कुठल्या सालासारखा? 1245 च्या जकातनाक्यासारखा, की 1692 च्या तोफा परतवणाऱ्या गडासारखा? बांधला की यातलं एकच साल उरेल आणि बाकीची पुसली जातील. सगळ्यात आधी पुसलं जाईल ते 1797. आज ते फुटलेल्या भिंतीच्या कडेवर डोळ्यांना दिसतं.

बांधून काढण्याची हौस इथेही झाली, आणि ती करणारे राजे होते. 1815 मध्ये ऱ्हाईनलँड प्रशियाला मिळालं. बर्लिनच्या राजपुत्रांना या पडक्या किल्ल्यांची भुरळ पडली. राजपुत्र फ्रीडरिशने 1823 मध्ये एक अवशेष विकत घेऊन 1825 ते 1829 दरम्यान ऱ्हाइनश्टाइन उभा केला. त्याच 1823 मध्ये कोब्लेन्झ शहराने श्टोल्झेनफेल्सचे अवशेष युवराज फ्रीडरिश विल्हेल्मला भेट दिले. पुढे राजा झालेल्या या युवराजाने शिंकेलसारख्या नामवंत वास्तुकाराकडून आराखडे घेऊन तिथे पिवळ्या गिलाव्याचा, कंगोऱ्यांच्या बुरुजांचा उन्हाळी महाल बांधला. तो 1842 मध्ये तयार झाला. आज श्टोल्झेनफेल्स बघायला गेलात तर मध्ययुग दिसत नाही. दिसते एका राजाची मध्ययुगाबद्दलची स्वप्नाळू कल्पना. माझी त्याला हरकत नाही. बांधणाऱ्यांनीही तो महाल म्हणूनच बांधला आणि महाल म्हणूनच वापरला. आज तो एकोणिसाव्या शतकाचा उत्तम दस्तऐवज आहे. कुणी उद्या म्हणालं की हे सगळं पाडून खाली तेराव्या शतकाचे अवशेष उघडे करा, तर त्यालाही मी विरोधच करेन.

खरी अडचण जिथे ‘जसाच्या तसा’ हा दावा येतो तिथे आहे. आल्सासमध्ये, ऱ्हाईनच्या मैदानावर नजर ठेवून, ओ-क्योनिग्सबुर्ग नावाचा डोंगरी किल्ला आहे. 1633 मध्ये स्वीडिश फौजेने तो घेऊन जाळला. अडीचशे वर्षं ते अवशेष तसेच होते. 1871 मध्ये आल्सास जर्मनीने फ्रान्सकडून हिसकावला, आणि 1899 मध्ये सेलेस्टा गावाने हे अवशेष कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म याला अर्पण केले. कैसरने बोडो एबहार्ट या वास्तुकाराला कामाला लावलं. 1900 ते 1908 या काळात किल्ला तळघरापासून पवनचक्कीच्या पात्यांपर्यंत सजवून पूर्ण केला. एबहार्ट अभ्यासू माणूस होता, त्याने अवशेष बारकाईने मोजले, फोटो काढले. पण किल्ला बांधला गेला तो मोजमापासाठी नव्हे. इथे पूर्वीपासून जर्मन राज्य होतं आणि राहील, हे दगडात लिहायचं होतं. 1908 च्या मे महिन्यात मोठा समारंभ झाला. दहा वर्षांनी युद्ध हरलं, आल्सास पुन्हा फ्रान्सकडे गेलं, आणि कैसरचा किल्ला फ्रेंच सरकारची मालमत्ता झाला. आज तिथे झुंबड असते. पण लोक मध्ययुगीन किल्ला बघून आलो असं समजतात, आणि बघतात 1908 मधला कैसर.

नेमक्या त्याच वर्षांत, नेकारच्या खोऱ्यात, उलटा निर्णय झाला. हायडेलबर्गचा राजवाडा 1689 आणि 1693 मध्ये फ्रेंचांनी उद्ध्वस्त केला. थोडीफार डागडुजी झाली तोवर 1764 मध्ये वीज पडून राहिलेलं जळालं. गावकरी दगड उचलून नेऊ लागले. 1810 मध्ये शार्ल द ग्रेंबेर्ग नावाचा एक फ्रेंच माणूस देखावे रंगवायला म्हणून आला आणि राहूनच गेला. पगार नाही, हुद्दा नाही, पण तो वर्षानुवर्षं अवशेषांची राखण करत दगड नेणाऱ्यांना हाकलत राहिला. ज्यांच्या तोफांनी वाडा पाडला त्यांच्याच देशाच्या माणसाने उरलेला वाडा राखला, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

एकोणिसावं शतक संपता संपता तिथेही पुनर्बांधणीची लाट आली. एक इमारत, फ्रीडरिशची, छप्परबिप्पर घालून नवी करूनही झाली. पुढचा नंबर ओटहाइनरिशच्या इमारतीचा होता. तेव्हा स्ट्रासबुर्ग विद्यापीठातला कलेतिहासाचा प्राध्यापक गेओर्ग डेहिओ उभा राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं: जपा, पुन्हा बांधू नका. जे हरवलंय ते हरवलंय. त्याच्या जागी आपण जे ठेवू ती आपली निर्मिती असेल, आणि ती खऱ्या अवशेषाला गिळून बसेल. स्ट्रासबुर्ग तेव्हा जर्मनीत होतं आणि ओ-क्योनिग्सबुर्ग तिथून फार लांब नाही. तिकडे कैसरचं काम चालू असताना, 1905 मध्ये, कैसरच्याच वाढदिवसाच्या समारंभात डेहिओने भाषणात ‘जतन करा, पुनर्निर्माण नको’ ही भूमिका पुन्हा ठासून मांडली. आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकाने सत्कार समारंभात यजमानाच्या आवडत्या प्रकल्पावर असं बोलून दाखवावं!

ओटहाइनरिशची इमारत तशीच राहिली. दर्शनी भाग उभा, वर छप्पर नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर एक बुरूज आहे. सुरुंगाने त्याचे दोन तुकडे झाले, आणि एक अख्खा तुकडा, जाड भिंतीसकट, खंदकात घसरून कलंडून पडलाय. तीन शतकं तो तिथेच आहे. भिंत किती जाड होती आणि ती फोडायला किती दारू लागली असेल, हे सांगायला तिथे पाटीची गरज नाही. या पडक्या वाड्याला वर्षाला सुमारे दहा लाख लोक येतात. ‘पडकं असेल तर पर्यटक येणार नाहीत’ हा मुद्दा मी हायडेलबर्ग बघितल्यापासून ऐकून घेणं सोडून दिलंय.

डेहिओचं म्हणणं पुढे जगाने बऱ्यापैकी स्वीकारलं. वास्तुजतनाच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत वाक्य आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. आणि जे नवं घालावंच लागेल, ते नवं आहे हे दिसलं पाहिजे. माझा सगळा लेख खरं तर या दोन वाक्यांवर उभा आहे.

परत ऱ्हाइनफेल्सवर येतो. मामा कुरकुरत आत आले, आणि दहा मिनिटांनी दिसेनासे झाले. शोधलं तर एका भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसून सांधे बघत होते. “हा जुना चुना,” नखाने न खरवडता, बोट नुसतं जवळ नेऊन त्यांनी दाखवलं, “आणि हा नवा. पण यांनी सिमेंट नाही मारलेलं. रंग थोडा वेगळा ठेवलाय, मुद्दाम.” मग वर बघत म्हणाले, “माथा बघ. उतार दिलाय. पाणी थांबत नाही.” भिंतीच्या वरच्या थराला दगड बसवून, चुन्याने बांधून, बाहेरच्या बाजूला हलका ढाळ दिला होता. पडक्या भिंतीला छप्पर नसतं, म्हणून पाणी वरून आत मुरतं, हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि दगड ढकलतं. तेवढं थांबवलं की भिंत शंभर वर्षं उभी राहते. मामांनी हे मला असं समजावलं जणू मीच ती भिंत पाडणार होतो. तिकिटाची तक्रार त्यानंतर झाली नाही.

किल्ल्याखाली सुरुंगांसाठी खोदलेल्या गल्ल्या आहेत. वेढा घालणारे जवळ आले की त्यांच्या पायाखाली दारू ठासून उडवायची, यासाठी. काही ठिकाणी इतक्या बुटक्या की ओणवं होऊन, हातात बॅटरी धरून सरकावं लागतं. मोबाईलच्या उजेडात समोर फक्त दगड आणि स्वतःचा श्वास. तिथे दिवे लावून, फरशी टाकून, भिंतीवर सैनिकांचे पुतळे उभे करता आले असते. केलं नाही याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आता विरोधी बाजू. ती कमजोर नाही.

पहिला मुद्दा: सामान्य माणसाला पडक्या भिंतीतून काही कळत नाही. खरंय. मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. पण त्यावरचा उपाय खऱ्या भिंतीवर खोटी भिंत चढवणं हा नाही. ऱ्हाइनफेल्सच्या छोट्या संग्रहालयात पूर्ण किल्ल्याची प्रतिकृती आहे. ती पाच मिनिटं बघून बाहेर आलात की समोरचा ढीग बोलू लागतो. प्रतिकृती चुकली तर दुरुस्त करता येते. चुकीचा बांधलेला बुरूज कोण दुरुस्त करणार? आणि ज्याला सगळं अखंड बघायचंय, त्याच्यासाठी त्याच घळीत ब्राउबाखच्या डोक्यावर मार्क्सबुर्ग आहे, मध्य ऱ्हाईनवरचा कधीच उद्ध्वस्त न झालेला एकमेव डोंगरी किल्ला. स्वयंपाकघर, तळघर, तोफा, सगळं जागेवर. 1900 मध्ये किल्ल्यांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेने तो विकत घेतला, आणि त्या संस्थेचा संस्थापक कोण, तर तोच एबहार्ट. माणसं काळी-पांढरी नसतात.

दुसरा मुद्दा: वापरात असलेली वास्तूच टिकते. हाही खरा. बाखाराखचा श्टालेक विसाव्या शतकात बांधून काढला आणि आज तिथे युवकांचं वसतिगृह आहे. शाळेची पोरं दंगा करत जिना चढतात, आणि खालच्या गावाला दोन पैसे मिळतात. श्योनबुर्ग हॉटेल झालंय. मी या दोन्हींच्या विरोधात नाही. पण याच घळीत बुर्ग काट्झ आहे, 1806 मध्ये नेपोलियनच्या काळात उडवलेला आणि 1890 च्या दशकात पुन्हा बांधलेला. तो खासगी मालकीचा आहे आणि लोकांसाठी बंद. पलीकडच्या काठावरून फोटो काढायचा, एवढंच. म्हणजे बांधून काढल्याने किल्ला लोकांचा होतोच असं नाही. कधी कधी पडका असतो तोवरच तो सगळ्यांचा असतो.

तिसरा मुद्दा भावनेचा, आणि तोच सगळ्यात मोठा. शत्रूने पाडलेलं तसंच ठेवणं म्हणजे पराभव मिरवणं. बांधून काढणं हे उत्तर आहे. हे मला आतून कळतं. रायगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा राजसदरेवर उभा राहून मलाही वाटलं होतं की हे सगळं पुन्हा उभं राहावं, उद्याच. पण बाखाराखमध्ये एक अवशेष आहे, त्याने माझं मत बदललं.

श्टालेककडे चढताना वाटेत लाल दगडाचं, गॉथिक शैलीचं एक ख्रिस्ती देऊळ लागतं, वेर्नरचं. छप्पर नाही, खिडक्यांच्या नाजूक कमानी मोकळ्या उभ्या. 1689 मध्ये वरचा किल्ला उडवला तेव्हा त्याचे दगड कोसळून हे देऊळ मोडलं. फोटोसाठी घळीतली सगळ्यात सुंदर जागा. आणि गोष्ट सगळ्यात घाणेरडी. 1287 मध्ये वेर्नर नावाच्या एका मुलाचं प्रेत सापडलं, आळ ज्यूंवर घातला गेला, आणि ऱ्हाईनकाठी ज्यूंची कत्तल झाली. त्या खोट्या कहाणीवर हा मुलगा संत झाला आणि त्याच्यासाठी हे देऊळ उभं राहिलं. त्याची पूजा धर्मप्रांताच्या पंचांगातून निघाली ती थेट 1963 मध्ये. आज तिथे ही हकीगत सांगणारी पाटी आहे. कमानी पडू नयेत म्हणून त्यांची काळजी घेतात, पण छप्पर घालून देऊळ ‘पूर्ण’ करावं असं कुणी म्हणत नाही. कारण पूर्ण कशाला करायचं? काही वास्तूंचं मोडलेलं असणं हेच त्यांचं आजचं खरं रूप असतं.

रायगडाची गोष्ट अर्थात अशी घाणेरडी नाही. उलट आहे. पण पडझडीचा पुरावा तिथेही तितकाच मोलाचा आहे. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, वर आग लागली, वाडे जळाले. त्यानंतर सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या त्यांनी सुरुंगाने उडवल्या, की पुन्हा कुणी वर चढून बसू नये. अलंगच्या कड्यावर दोर लावून चढताना जी तुटकी पायरी हाताला लागते, ती इंग्रजांना या डोंगरांची किती धास्ती होती याची कबुली आहे. ती पायरी सिमेंटने भरून दिली की कबुलीही गेली. वेळ बघा: ऱ्हाइनफेल्स 1797, रायगड 1818. दोन खंडांवर एकाच पिढीने डोंगरी किल्ल्यांचा काळ संपवला.

आणि अंदाजाचं काय? रायगडावर जोती आहेत, पायऱ्या आहेत, हौद आहेत, नगारखाना उभा आहे. 1674 मध्ये राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनची नोंद आहे. पण जोत्याच्या वर खांब किती उंच होते, छत कसं उतरत होतं, कोरीव काम कुठलं होतं, हे ठरवायला लागलात की तुम्ही शिवकाळ सोडून आजच्या मालिकांच्या सेटवर पोचता. मग आपल्या नातवंडांना जो राजवाडा दिसेल तो 2030 मधल्या एखाद्या ठेकेदाराचा असेल. त्यात चूक झाली असं पुढे कळलं, तर ती चूक दाखवणारं जोतं त्याच्याखाली गाडलं गेलेलं असेल.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तरुणांची पथकं रविवारी किल्ल्यांवर जाऊन टाक्यांतला गाळ काढतात, तोफा गाड्यांवर बसवतात, दरवाज्यांना सागवानी दारं लावतात. गाळ काढणाऱ्यांसमोर मी हात जोडतो. दारांबाबत माझं मन अजून डळमळतं. नवं दार लागलं त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं हळद-कुंकू घेऊन गडावर येतात, ढोल वाजतात, बऱ्याच वर्षांनी गड गावाचा होतो. हे कमी नाही. पण दार नवं आहे, कुठल्या वर्षी लावलं, हे त्या चौकटीवर लिहिलेलं असावं, एवढा माझा आग्रह राहील. तिथेही व्हेनिसचं तेच वाक्य.

यादीत नाव लागल्याने आपण निश्चिंत झालो असू तर ऱ्हाईनच्याच देशातली आणखी एक नदी आठवावी. ड्रेस्डेनजवळचं एल्ब नदीचं खोरं 2004 मध्ये यादीत आलं आणि नव्या पुलापायी 2009 मध्ये यादीतून गेलं. कोब्लेन्झला 2011 च्या बागप्रदर्शनासाठी नदीवरून दोरवाट (रोपवे) टांगली, तेव्हा ती वारशाच्या देखाव्यात बसत नाही म्हणून वाद झाला, आणि 2013 मध्ये 2026 पर्यंतची मुदत घालून ती तेव्हापुरती राहू दिली. रायगडाची दोरवाट आपल्याला सवयीची झाली आहे, पण नव्या दोरवाटा, वाहनतळ, रोषणाई यांचे प्रस्ताव आता जोरात येतील आणि बारा किल्ल्यांना पैसाही येईल. हरकत नाही, म्हाताऱ्या माणसांनाही गड बघू द्या. मला काळजी वाटते ती उरलेल्यांची. महाराष्ट्रात तीनशेहून जास्त किल्ले आहेत. त्यांना राजवाडा नको, रोषणाई नको. त्यांना पावसाळ्याआधी एक माणूस, एक कोयता, दोन पोती चुना आणि भिंतीच्या माथ्याला ढाळ कसा द्यायचा हे माहीत असलेला एक मिस्त्री हवाय. दर वर्षी. या कामाचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, फोटोत काही दिसत नाही. म्हणूनच ते होत नाही.

मामा परत गेल्यावर महिन्याभराने त्यांचा फोन आला. गावामागच्या छोट्या किल्ल्यावर गेले होते, चाळीस वर्षांनी. जिल्ह्याबाहेर कुणाला नाव माहीत नसलेला किल्ला. मुख्य दरवाज्याच्या उजव्या बुरुजात पिंपळ उगवलाय, मनगटाएवढा झालाय. “उपटायचा नाही, हां,” त्यांनी मलाच बजावलं, “मुळाबरोबर दगड येतात. बुडाशी कापायचा, मूळ मारायचं आणि सांध्यात चुना भरायचा. दोन दिवसांचं काम. यंदा झालं तर बुरूज राहतो, नाहीतर पाच वर्षांत खाली.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “तीन ठिकाणी जाऊन आलो. तिघंही म्हणतात आमच्याकडे येत नाही. तुला माहीत आहे का रे, पिंपळ कापायला परवानगी कुणाची लागते?”